गुरांच्या मागे गेलेली शाळा

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांचं स्वागत आहेच, पण बसमध्ये रेंज जाते म्हणून वाचणाऱ्यांसाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय वर्गातला आहे. "मुलांचं लक्षच लागत नाही" ही तक्रार तुम्ही शिक्षक असाल तर केली असेल, आणि विद्यार्थी असाल तर तुमच्याबद्दल कुणीतरी नक्की केली असेल. त्यावर आजकाल एक ठरलेलं उत्तर मिळतं. वर्गात स्क्रीन लावा, क्विझ घ्या, गट पाडा, फरशीवर आकडे रंगवा, मुलांना बोलतं करा. सरकारी भाषेत याला कृतियुक्त शिक्षण म्हणतात, आनंददायी शिक्षण म्हणतात, ज्ञानरचनावाद म्हणतात. प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, हे शब्द त्यांना पाठ असतात. (पाठ असतात, ही गंमत आहेच.)

पण या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो: मूल वर्गात आहे, आणि प्रश्न फक्त त्याचं लक्ष वेधून घेण्याचा आहे. मूल वर्गात येतच नसेल तर? ते दिवसभर दुसऱ्याची गुरं राखत असेल तर? त्याच्या कडेवर धाकटं भावंडं असेल तर? तिथे कुठलं क्विझ चालणार?

साधारण ऐंशी वर्षांपूर्वी, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, दोन बायकांनी नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्या उत्तरातला एक शब्द आज देशभरातल्या गावांत रोज उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी. शब्द राहिला, पण त्यामागचं उत्तर आपण किती ठेवलं? आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी घोकंपट्टीचं बघू

वर्गात मुलांनी गप्प बसायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं, ही पद्धत आली कुठून? लगेच पंतोजींच्या शाळेवर बोट ठेवायची आपल्याला सवय आहे. धूळपाटी, पाढे, पावकी, निमकी, संध्याकाळी सुरात म्हटलेला परवचा, आणि चुकलं की छडी. हे होतंच. पण सगळा दोष पंतोजींच्या माथी मारून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधलेलं होतं. साहेबाचा निरीक्षक येणार, मुलांची परीक्षा घेणार, आणि जितकी मुलं पास तितका पैसा. आता तुम्ही मास्तर असता तर काय केलं असतं? जे विचारलं जाणार तेच घोटून घेतलं असतं ना? म्हणजे घोकंपट्टीमागे मास्तरांचा आळस कमी आणि हिशेब जास्त होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारला सुनावलं होतं की पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि रयतेच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण मागे पडतं. खेड्यातल्या मुलांना शेतीचं, आरोग्याचं, रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडेल असं ज्ञान मिळावं, हीही त्यांची मागणी होती. म्हणजे "शाळेत जे शिकवतात त्याचा मुलाच्या जगण्याशी संबंध काय?" हा प्रश्न आपल्याकडे चांगला जुना आहे.

भावनगरचा वकील

आता थोडं गुजरातेत जाऊ. डहाणूच्या गोष्टीची मुळं तिथे आहेत.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ आले. जन्म १८८५ चा, पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाला, तेव्हा त्याला वाढवायचं कसं हा प्रश्न त्यांना पडला आणि ते मारिया माँटेसरीच्या लिखाणाकडे वळले. वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मुलांना त्यांचा इतका लळा लागला की लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे, म्हणजे मिशावाली आई.

गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यात एक काल्पनिक शिक्षक आहे. तो चौथीचा वर्ग मागून घेतो, वर्षभर प्रयोग करायला. पहिल्या दिवशी तो माँटेसरीच्या धर्तीवर शांततेचा खेळ घेऊन जातो. खोलीत काळोख करायचा, सगळ्यांनी स्तब्ध बसायचं, बारीकसारीक आवाज ऐकायचे. काय होतं? वर्गात धिंगाणा! पोरं निरनिराळे आवाज काढतात आणि सगळा बेत पाण्यात जातो. मग तो गोष्ट सांगायला लागतो. आणि गोष्टीसाठी तीच पोरं बसून राहतात, घरी जायला तयार नसतात.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आणलेली उत्तम पद्धत पहिल्याच दिवशी आपटते, आणि शिक्षक मुलांना दोष देत बसत नाही. पद्धत बदलतो. आपण 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असा असतो की मुलांनी शिक्षकाला प्रतिसाद द्यायचा. गिजुभाईंच्या शिक्षकाकडे उलटं आहे. मुलं जे सांगताहेत, धिंगाणा घालून का होईना, त्याला शिक्षकाने प्रतिसाद द्यायचा.

ताराबाई

याच भावनगरला १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं नाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. १९१४ साली बी.ए. झालेल्या. त्या काळात पदवीधर बायका किती असतील, बोटांवर मोजा. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पदरात एक मुलगी. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. स्थिर नोकरी, मान, पगार. ते सगळं सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली, आणि १९३६ साली मुंबईत, दादरला, शिशुविहार सुरू केलं. दादरचं शिशुविहार चांगलं चाललं. मध्यमवर्गीय घरांतली मुलं, शिकलेले आईबाप. इथवरची गोष्ट म्हणजे शहरात रुजलेला एक चांगला शैक्षणिक प्रयोग, एवढीच आहे. ती तिथेच संपली असती तर आज मी तुम्हाला सांगायला बसलो नसतो.

पण एक टोचणी होती. माँटेसरीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडाचे ठोकळे, मापात कापलेले दंडगोल, रंगांच्या पट्ट्या. १९३१ साली गांधीजी लंडनच्या माँटेसरी ट्रेनिंग कॉलेजात बोलायला गेले होते, तेव्हाही त्यांच्या मनात भारतातल्या गरीब मुलांचाच विचार होता: हे त्यांच्यापर्यंत पोचणार कसं? माँटेसरीने स्वतः १९०७ साली पहिलं बालघर उघडलं ते रोममधल्या गरीब वस्तीत. पुढे जगभर तिची पद्धत सुखवस्तू घरांची होऊन बसली. आपल्याकडे आजही 'माँटेसरी' म्हटलं की आधी फी किती हेच विचारतात!

बोर्डी, १९४५

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे डहाणूच्या उत्तरेला समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या, आणि आत डोंगराच्या बाजूला वारली पाडे.

त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरीला लागल्या. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत, त्या याच भागात राहिल्या.

हे साल लक्षात ठेवा, कारण १९४५ हे या भागातलं साधं साल नव्हतं. याच वर्षी डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला. मुद्दा होता वेठबिगारीचा आणि लग्नगड्यांचा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, याला लग्नगडी म्हणत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. म्हणजे ज्या मुलांना शाळेत आणायचं होतं त्यांचे आईबाप त्याच वेळी स्वतःला गुलामीतून सोडवत होते.

आता सांगा, अशा घरातलं मूल 'वर्गात लक्ष देत नाही' असं म्हणायचं का?

मूल येत नाही, मग शाळेने जायचं

बोर्डीला बालवाडी उघडली, तेव्हा गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. याची कारणं गरिबीत होती, जातीत होती, आणि 'ही जागा आपली नाही' या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकवणीत होती.

यावर ताराबाईंनी जो तोडगा काढला तो ऐकायला इतका सोपा आहे की त्यातली धमक पटकन लक्षात येत नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत ना? मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, एखाद्या घरासमोरची मोकळी जागा झाडून घ्यायची, आजूबाजूची पोरं गोळा करायची आणि तिथेच सुरू करायचं. गाणी, गोष्टी, खेळ. त्याआधी आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. हीच अंगणवाडी. इमारत नाही, फी नाही, घंटा नाही.

आणि अंगणात बसलं की आणखी एक गोष्ट घडते. आई, आजी, शेजारीण सगळ्या बघत असतात. शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर चालते. बंद खोलीत मुलाचं काय करतात याची धास्ती राहत नाही. पालकसभेची नोटीस काढावी लागत नाही. पालक तिथेच चूल फुंकत बसलेले असतात.

साधनांचंही तसंच. आयात ठोकळ्यांची जागा शंखशिंपले, चिंचोके, पानं, फुलं, माती, काड्या, खडे यांनी घेतली. हे नुसतं स्वस्तातलं काम नव्हतं. शहरी मुलाला लाकडी दंडगोल नवा असतो, तसा तो वारली मुलालाही परका असतो. पण पान हातात घेतलं की ते मूल बाईंपेक्षा जास्त जाणतं. कुठल्या झाडाचं, खायचं की नाही, गुरं तोंड लावतात की नाही. वर्गात बोलतं कोण होतं? ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असतं तो. मुलाला बोलतं करायचं असेल तर आधी त्याला माहीत असलेलं काहीतरी समोर ठेवावं लागतं.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली हे काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर हललं. आता थेट वारली पाड्यांच्या मधोमध. आणि इथे अडचण एक पायरी वर गेली. तीनचार वर्षांचं मूल अंगणात तरी सापडतं. आठदहा वर्षांचं मूल अंगणातही नसतं. ते रानात असतं, गुरांमागे.

मग निघाली कुरणशाळा. नाव ऐकूनच कळतं. गुरं जिथे चरतात, तिथे शिक्षकाने जायचं. पोरांनी गुरांवर एक डोळा ठेवायचा आणि दुसरीकडे शिकायचं. आता जरा डोळ्यांसमोर आणा. तिथे फळा कुठे टांगणार? बाक कुठले? साहजिकच शिकवण्याची सगळी रीत बदलते. मोजायचं तर गुरं आहेत, लिहायला जमीन आहे, बोलायला समोरचं झाड आहे. पोराला मध्येच उठून पळावं लागणार, बैल कुणाच्या शेतात शिरला तर. म्हणजे धडा असा हवा की पळून परत आल्यावर जोडून घेता येईल. चाळीस मिनिटांचं भाषण तिथे टिकूच शकत नाही.

आणि दुसरी अडचण मुलींची. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. मग विकासवाडी या कल्पनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. तिघं एकत्र येणार, एकत्र जाणार. मुलीच्या कडेवरचं ओझं उतरवल्याशिवाय तिचा हात पाटीकडे जाणार नाही, एवढं साधं गणित.

हे सगळं वाचताना मला एक सूत्र दिसतं. प्रत्येक वेळी मूल एक 'नाही' म्हणतं आणि प्रत्येक वेळी शाळा स्वतःतलं काहीतरी बदलते. जागा बदलते, मग साधन, मग वेळ, मग शाळेची व्याख्याच. आपण ज्याला आज मुलांचा 'सहभाग' म्हणतो, तो त्यांनी मिळवला तो असा.

एक अडचणीचा प्रश्न

पण थांबा. इतिहास सांगताना नुसती आरती ओवाळायची नाही, हे आपलं ठरलेलं आहे.

कुरणशाळेबद्दल एक प्रश्न विचारायलाच हवा. मूल मजुरी करतंय, म्हणून शाळा मजुरीच्या जागी नेली. हे बरोबर की चूक? मुलाला त्या कामातून सोडवायला नको होतं का? परुळेकरांचा लढा विचारत होता की माणूस दुसऱ्याकडे फुकट का राबतो. कुरणशाळा विचारत होती की तो राबतोय तोवर त्याला अक्षर कसं पोचेल. पहिला प्रश्न मुळाचा, दुसरा आजच्या दिवसाचा.

मला विचाराल तर दोन्ही लागतात. पहिला सुटेपर्यंत दुसरा थांबवला तर एक अख्खी पिढी हातची जाते. आणि दुसऱ्यावरच समाधान मानलं तर गुरं राखणं हेच त्या मुलाचं नशीब असल्यासारखं होतं. आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. तो कायदा २०१० पासून लागू झाला. त्यामुळे कुरणशाळा ही आज जशीच्या तशी उचलायची गोष्ट नाही. पण ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईबापांबरोबर हलणारी मुलं आजही आहेत. त्यांचं नाव पटावर असतं आणि ती फडात असतात. त्यांच्या बाबतीत कोसबाडचा प्रश्न अजून ताजा आहे.

दुसरी गोष्ट. ताराबाई आणि अनुताई दोघी उच्चवर्णीय, बाहेरून आलेल्या. स्वच्छता, संस्कार, शिस्त यांच्या त्यांच्या कल्पना त्यांच्या घरातल्या होत्या. आंघोळ घालण्यात माया असते, आणि 'तुम्ही अस्वच्छ आहात' हा निवाडाही असू शकतो. आज आदिवासी तरुण या इतिहासाकडे वेगळ्या नजरेने बघत असतील तर त्यांचं ऐकलं पाहिजे. माझ्या मते त्या दोघींच्या बाजूने एक गोष्ट ठाम उभी राहते: त्या तिथे राहिल्या. पाहुण्यासारख्या आल्या-गेल्या नाहीत.

शब्द दिल्लीला गेला

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रांचं नाव ठेवलं अंगणवाडी. आज देशभरात लाखो अंगणवाड्या आहेत.

या योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणं, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. यातल्या एकीलाही नावं ठेवायची माझी इच्छा नाही. उपाशी मुलाला गाणं सुचत नाही. पण बघा ना, ताराबाईंच्या अंगणात जे मुख्य होतं, गाणं, गोष्ट, खेळ, ते सहांपैकी एक झालं. तेही असं की वजनकाट्यावर मोजता येत नाही आणि रजिस्टरमध्ये भरता येत नाही. जे मोजता येत नाही ते कामाच्या रेट्यात मागे पडतं. निकालावर अनुदान असताना पंतोजींनी जे केलं, तेच वेगळ्या रूपात.

आणि हे सगळं जिच्या जिवावर चालतं ती अंगणवाडी सेविका? सरकारच्या लेखी ती मानसेवी. तिला पगार नसतो, मानधन असतं. त्यासाठी तिला वारंवार मोर्चे काढावे लागतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा आणि तो खेळातून, कृतीतून व्हावा. छान आहे. पण ते खेळ घेणार कोण? तीच. मुलाशी संवाद साधायचा म्हणजे आधी मुलाशी बोलणाऱ्या माणसाजवळ वेळ हवा, मान हवा, आणि महिनाअखेरीला हातात पुरेसे पैसे हवेत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मुलांचं लक्ष लागत नाही, काय ॲप वापरू?" तर ॲप जरूर वापरा, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्याआधी कोसबाडचे चार प्रश्न विचारून बघा. मूल या जागेला आपली मानतं का? ही वेळ त्याला जमते का? समोर ठेवलेल्या वस्तूबद्दल त्याला काही माहीत आहे का? आणि त्याच्या कडेवर कोण आहे?

अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात त्यांच्या कामाची हकिगत सांगितली आहे. मिळालं तर जरूर वाचा. आणि तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंना एकदा विचारा, आज मुलांबरोबर गाणं म्हणायला किती वेळ मिळाला? त्या जे सांगतील ते मला कळवा. त्यावर एक वेगळा भाग करू.

चला, भेटू पुढच्या भागात.